एकाच माणसाची जागा

‘मी गेलो तर दोघांचं जाईल,’ शैलेंद्र म्हणाला. ‘तू गेलीस तर फक्त तुझं.’

तो हे मराठीत बोलला, त्यामुळे स्ट्रेचर धरून उभ्या असलेल्या दोघींना त्यातलं काही कळलं नाही. एक होती डोरोथी. कोल्ड फोर्क या अलास्काच्या टोकावरच्या टीचभर गावात ती लॉज चालवायची. दुसरी पलीकडच्या, म्हणजे कॅनडातल्या गावाची नर्स. खडीच्या रस्त्यावर दोघींच्या गाड्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, कमरेएवढा दगडी खांब होता. खांबाच्या अलीकडे अमेरिका संपत होती. स्ट्रेचरवर शैलेंद्रचे वडील होते. नाकाशी ऑक्सिजनची नळी, कपाळावर घाम. नर्सने विचारलं होतं, गाडीत घरच्या एकाच माणसाला जागा आहे, कोण येतंय? मृणालिनीने नवऱ्याकडे पाहिलं, कारण मुलगा तो होता. तोच पाऊल उचलणार हे तिने इतकं गृहीत धरलं होतं, की त्याला वाट द्यायला ती अर्धं पाऊल बाजूलाही सरकली होती. सरकता सरकता ते वाक्य तिच्या कानावर पडलं. मग ती पुढे झाली, गाडीत चढली, दार लागलं. मागच्या काचेतून तिला तो दिसला. हात खाली सोडून उभा होता, खांबापासून चांगला लांब, जणू तो खांब तापलेला होता.

गाडी खडीवरून उडत निघाली. बाबांचा हात तिने हातात घेतला तेव्हा तिला जाणवलं की आपले कान वाजताहेत. शैलेंद्र काय म्हणाला यापेक्षा तो किती लवकर म्हणाला, याने ती हादरली होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नव्हता. म्हणजे हा हिशेब रस्त्यावर उभं राहून केलेला नव्हता. तो कधीतरी आधीच करून, तपासून, बाजूला ठेवलेला होता. कधी केला असेल? डॅलसहून निघताना विमानात? की त्याआधी कधीतरी, प्लेनोतल्या घरात, ती शेजारी झोपलेली असताना? आणि तिला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की हिशेबात कुठेही चूक नव्हती. तिने लॅबमध्ये एखादा रिपोर्ट तपासावा तसा तो वरपासून खालपर्यंत तपासला. बरोबर होता.

दोघांचं जाईल म्हणजे काय, हे डॅलसजवळच्या प्लेनोत किंवा फ्रिस्कोत कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागलं नसतं. तिथे नव्या माणसाला गोत्र विचारावं तशी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, विचारतात. मागच्या वर्षी, दोन हजार सातच्या जुलैमध्ये, अचानक सगळ्यांसाठी दार उघडलं आणि सगळ्यांनी धावतपळत ग्रीन कार्डाचे शेवटचे अर्ज भरले. अर्ज शैलेंद्रच्या नावाचा, त्याला जोडून तिचा. त्या अर्जाच्या जोरावर तिला कामाचा परवाना मिळाला. सात वर्षं घरात बसलेली नागपूरची मायक्रोबायॉलॉजिस्ट यंदाच्या मार्चपासून पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये जाऊ लागली. तसाच परवाना घेऊन शैलेंद्रने नोकरी बदलली आणि जुना व्हिसा सोडून दिला. आता पायाखाली होता तो फक्त अर्ज. अर्ज चालू असताना देशाबाहेर जायचं तर आधी परवानगीचा कागद लागतो. त्यांचा जुना संपला होता आणि नवा यायचा होता. तो नसताना सीमेबाहेर पाऊल पडलं, की माणसाने अर्ज सोडून दिला असं धरतात. नवरा बाहेर पडला तर दोघांचा अर्ज जातो. बायको पडली तर बायकोचा.

म्हणून तर ते इथे आले होते. बाहेर जाता येत नाही तर आतल्या आत जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, ही शैलेंद्रची गंमत होती. फ्लोरिडाचं शेवटचं बेट त्यांनी बघितलं, नायगारा अमेरिकेच्या बाजूने बघितला. नायगाऱ्याला पलीकडच्या काठावरून लोक हात हलवत होते. शैलेंद्र म्हणाला होता, ‘व्ह्यू तिकडून बेस्ट आहे म्हणतात यार. तिकडच्यांना मात्र आपण दिसतो, त्यांचं नुकसान.’ ती खूप हसली होती. त्या वेळी तिला त्याच्यात जे आवडायचं ते हेच होतं. कोंडून घातलेल्या माणसाचा चिडचिडेपणा त्याच्यात नव्हता. त्याने कुंपणाची मोजमापं घेतली होती आणि कुंपणाला टेकून तो विनोद करायचा. आता बाबांचा थंडगार हात धरून बसल्यावर तिला वाटलं, जो माणूस कुंपणाची इतकी बारीक मापं घेतो, त्याने त्या मापात आपलंही माप घेऊन ठेवलेलं असणार, आणि आपण ते कधी विचारलं नाही.

आर्क्टिकची कल्पना बाबांची. पुरुषोत्तमराव आयुष्यभर नागपूरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर होते. मे महिन्यात लग्नांना, रसवंत्यांना, मेलेल्या माणसांना, सगळ्यांना लागणारा बर्फ. जूनमध्ये ते प्लेनोला आले तेव्हा टेक्सासचा उन्हाळा बघून म्हणाले, ‘शैलू, हे तर नागपूरच आहे रे. विमानात बसवून गोल फिरवून परत उतरवलंस का मला?’ आणि मग म्हणाले, जन्मभर बर्फ विकला, आता एकदा न बनवलेला बर्फ बघायचा आहे. ऑगस्टमध्ये तो कुठे दिसणार? शैलेंद्रने शोधून काढलं की कोल्ड फोर्कमध्ये जमीन खालून कायमची गोठलेली आहे आणि तिथल्या लॉजला जमिनीत खणलेलं तळघर आहे. फेअरबँक्सहून सहा सीटचं विमान. गाव म्हणजे दोन रांगा घरं, डिझेलचे ड्रम, छपरांवर वाळत ठेवलेली शिंगं, राखी रंगाची नदी, आणि गावाच्या टोकाला बुटक्या झाडांमधून भांग पाडल्यासारखी सरळ गेलेली मोकळी पट्टी. ती सीमा. पलीकडे अर्ध्या मैलावर कॅनडातलं गाव, थोडं मोठं. अलीकडे चौकी नाही, पहारा नाही. सकाळी तिघं तिथपर्यंत फिरत गेले होते. बाबांनी खांबाला हात लावला होता. शैलेंद्र मागेच उभा राहिला होता आणि तिचाही दंड त्याने सहज धरून ठेवला होता. सहज. तेव्हा तिला ती माया वाटली होती.

दुपारी डोरोथीने तळघराचं झाकण उघडलं. बाबा शिडीवरून उतरले. खाली भिंती बर्फाच्या होत्या, मातीचे थर मध्ये घेऊन गोठलेल्या, आणि बॅटरीच्या उजेडात त्यांवर साखरेसारखे कण चमकत होते. बाबांनी हातमोजा काढून तळवा भिंतीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ‘मृणाल,’ ते खालून ओरडले, ‘अमोनिया नाही, कॉम्प्रेसर नाही, लाइटबिल नाही! मालकाला दाखवायला पाहिजे होतं हे.’ वर येताना शिडीच्या मधल्या पायरीवर ते थांबले. दम लागला असेल म्हणून ती हसत खाली वाकली, तर त्यांचा चेहरा भिंतीतल्या मातीच्या रंगाचा झाला होता. गावातली आरोग्यसेविका फेअरबँक्सला गेलेली होती. डोरोथीने फोन उचलला आणि पलीकडच्या नर्सला बोलावलं. इथला तसा शिरस्ताच होता. पेशंट खांबापाशी आणायचा, पलीकडची गाडी खांबापर्यंत यायची, आणि मध्ये स्ट्रेचर एका हातातून दुसऱ्या हातात जायचं. डोरोथी हे इतक्या सवयीने करत होती, की दुधाच्या पिशव्या घेतो-देतो आहोत असं वाटावं.

दवाखाना म्हणजे एक लांबट निळी खोली होती. नर्सने छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, एक गोळी चघळायला दिली, फोनवर डॉक्टरशी बोलली. हार्ट अटॅकच होता. कॅनडातल्याच व्हाइटहॉर्सहून विमान निघालं होतं. ते बाबांना तिथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेणार होतं. नर्स हे सगळं हळू आवाजात सांगत होती आणि मृणालिनी मान हलवत होती. तिच्या पायात लॉजमधल्या सपाता होत्या. परक्या देशात आपण सपाता घालून आलो, हा विचार तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. सात वर्षं, आधी व्हिसापायी आणि मग अर्जापायी, जी रेषा ओलांडायची नाही म्हणून लग्नं चुकवली, स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारपणात फोनवर बोलत राहिली, ती रेषा ओलांडताना पायाला काहीच लागलं नव्हतं. खडीसुद्धा तीच. आईच्या वेळी शैलेंद्र म्हणाला होता, ‘जाऊ शकतेस, पण परत यायचं काय ते बघावं लागेल,’ आणि ती गेली नव्हती. तेव्हाही हिशेब बरोबरच होता. तो त्याने केला असं ती इतकी वर्षं स्वतःशी म्हणत आली होती. आता या निळ्या खोलीत बसून तिला नीट आठवेना, की त्या दिवशी नाही म्हणणारा आवाज नेमका कुणाचा होता.

‘शैलू कुठाय?’ बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

‘पलीकडे आहे. गाडीत एकालाच जागा होती.’

‘हं.’ त्यांनी कोरडे ओठ हलवले. ‘जागा.’ मग, ‘आणि तुझी नोकरी?’

घरात जून महिन्यापासून दुसरा विषय नव्हता. त्यांना काय माहीत नसणार? सकाळी ती गळ्यात बॅज घालून निघायची तेव्हा ते खिडकीशी चहा घेऊन उभे असायचे. एकदा म्हणाले होते, तुमच्या लॅबमध्ये बर्फाचं मशीन असेल ना, कुठल्या कंपनीचं ते बघून ये. तिने बघून येऊन सांगितलं, तर त्यावर त्यांनी जेवण होईपर्यंत व्याख्यान दिलं होतं.

‘मृणाल, ऐक,’ ते म्हणाले. ‘इथे कुणी तुला नाव विचारलंय का?’

‘नाही अजून.’

‘मग उठ. चालत जा परत. ही बाई चांगली आहे, मला नेईल. इंग्लिश येतं मला.’

‘बाबा, बोलू नका तुम्ही.’

‘बोलू नका काय? तीस वर्षं कामगारांशी ओरडून बोललोय. एवढ्याने काय होतंय.’ पण बोलता बोलता त्यांची बोटं चादर गोळा करत होती, आणि तिच्या हातातला हात त्यांनी सोडला नव्हता.

फोन वाजला. नर्सने रिसीव्हर तिच्याकडे दिला. डोरोथीच्या लॉजमधून शैलेंद्र बोलत होता. त्याचा आवाज इतका जवळ होता, की तिने नकळत दाराकडे पाहिलं. बाबा कसे आहेत, काय म्हणाले, शुद्धीत आहेत ना, गोळी कुठली दिली. ती सांगत गेली. तो ऐकून रडला. नाक ओढल्याचा आवाज तिला ओळखीचा होता. मग त्याने विचारलं, ‘पासपोर्ट बघितला का कुणी तुझा?’

‘नाही.’

‘चेक केलंस नीट? कुठे एंट्री वगैरे?’

‘शैलेंद्र, इथे एक बाई आहे आणि एक पलंग आहे.’

‘ओके. ओके, मग ऐक. म्हणजे अजून काही झालेलंच नाही. टेक्निकली तू गेलीच नाहीस. विमान आलं की बाबांना त्यांच्याकडे दे आणि चालत ये. अर्धा मैल आहे. व्हाइटहॉर्सला उतरलीस की मात्र रेकॉर्ड होईल, मग कुणी काही करू शकणार नाही.’

‘आणि बाबा?’

‘त्यांची सिस्टिम चांगली आहे ग. आपल्यापेक्षा चांगली आहे. मी उद्या फेअरबँक्सला जातो, लॉयरला गाठतो, इमर्जन्सी परमिशन मिळते, मी वाचलंय. मिळाली की लगेच जातो ना मी.’

‘कधी मिळते?’

तारेतून नुसती खरखर येत राहिली. मागे डोरोथीचा कुत्रा भुंकला.

‘तू काय मला राक्षस समजतेस का?’ तो म्हणाला. ‘कुणीतरी विचार करायलाच पाहिजे ना यार. दोघंही रडत बसलो तर कोण करणार?’

‘मी काही म्हटलं का?’

‘तू म्हणत नाहीस. तू कधीच म्हणत नाहीस. मी हिशेब करायचा आणि तू गप्प बसायचं. आईच्या वेळी पण. मग वाईट मी.’

तिने रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला. त्यात खोटं काहीच नव्हतं. खांबापाशी त्याने ते वाक्य उच्चारलं नसतं, समजा तो दोन क्षण नुसता घुटमळला असता, तर ती काय म्हणाली असती? मी जाते, तू थांब. हेच म्हणाली असती. घडलं असतं अगदी हेच. फक्त ती स्वतः गेली असती. आता तिला पाठवलेलं होतं. या दोहोंत जे अंतर होतं त्याला जगातल्या कुठल्याही कार्यालयात खिडकी नव्हती, आणि तरी आपलं सगळं त्यातच पडलंय असं तिला वाटत होतं. पाठवलेल्या माणसाला परत बोलावता येतं. तो तेच करत होता. तिने पाहिलं तर बाबा डोळे उघडून तिच्याकडे बघत होते. त्यांनी पलीकडचं बोलणं ऐकलं असणं शक्य नव्हतं, पण ते बघत होते. माल उतरवून घेताना ट्रकमागे उभा असलेला माणूस बघतो तसे, वजन नीट येतंय की नाही हे.

‘मी विमानात बसतेय,’ ती म्हणाली.

‘मृणाल—’

‘माझं जाईल. फक्त माझं. तूच म्हणालास.’

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला लॅबचा सकाळचा वास आठवला, ब्लीचचा आणि कॉफीचा. ओळीने ठेवलेल्या बाटल्या, तिच्या अक्षरातली लेबलं. सोमवारी त्या बाटल्या दुसरं कुणीतरी उघडणार. कदाचित कायमच. सात वर्षांनी मिळालेले पाच महिने. तिने नर्सला विचारलं, कुठे सही करायची असते का? नर्स म्हणाली, व्हाइटहॉर्सला अधिकारी भेटतील, तोवर नाव सांगितलंस तरी चालेल. मृणालिनीने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं आडनाव आधी, मग सासरचं. एवढं लांब नाव ऐकून नर्सने हसून खांदे उडवले.

धावपट्टी सीमेला समांतर होती, त्या मोकळ्या पट्टीच्या अगदी कडेने. विमान उतरलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पण मावळायचं नाव घेत नव्हतं. स्ट्रेचर वर चढवायला वेळ लागला; बाबांचा चेहरा वाऱ्याने आक्रसला होता आणि ते छतासारख्या पंखाकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. आत एकाच माणसाची जागा होती, इथेही. पायलटने तिला हात केला. तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून पाहिलं, कारण कुणीतरी हाक मारत होतं.

शैलेंद्र बुटक्या झाडांमधून येत होता. हातात बाबांचं स्वेटर होतं. पट्टीच्या कडेला तो थांबला, जसा सकाळी थांबला होता. मग त्याने स्वेटर छातीशी धरलं आणि तो पळत सुटला, पट्टी ओलांडून, दगडांवरून ठेचकाळत, थेट विमानाच्या दिशेने. ‘बाबा!’ तो ओरडत होता. त्याचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. त्यावर कसलंच मोजमाप नव्हतं. लहान मुलासारखा उघडा पडलेला चेहरा.

आणि मृणालिनीच्या घशातून आवाज निघाला, इतका मोठा की पायलटने वळून पाहिलं. ‘थांब! तिथेच थांब! वेडा आहेस का? दोघांचं जाईल!’

तो थांबला. त्याचे दोन्ही पाय कॅनडात होते. त्याने पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा हात अजून पुढे ताणलेला होता, तळवा उघडा, ट्रॅफिक अडवणाऱ्या पोलिसासारखा. ते वाक्य तिने शोधलं नव्हतं. त्याचं पट्टी ओलांडणं आणि तिचं ते ओरडणं, यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नव्हता. ती स्वतःचाच हात बघत राहिली. आतून बाबांचा क्षीण आवाज आला, ‘शैलू आला का ग?’ आणि तेव्हा कुठे तिला आठवलं, की बाबांना त्याला बघायचं असेल.

‘स्वेटर दे,’ ती म्हणाली. हात मात्र तिला खाली घेता आला नाही.